भिंगातून पाहिलेली शहरे



व्याख्यानमालेच्या चालकांनी पत्र पाठवून मला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन, कंत्राटी कामगार किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी काहीतरी मी कळवीन अशी त्यांची समजूत होती. ती वावगी नव्हती. गेली तीस वर्षे मी दुसरे काही बोललेलो नाही. मी अठराव्या शतकातल्या शहरांच्या छापील चित्रांचा विषय कळवला, तेव्हा चिटणीसांचा फोन आला, "पत्र आपलेच ना?" आमच्या संघटनेतल्या तरुण मंडळींनीही विचारले, "भाऊ, ही हौस आता कुठून आली?" मी म्हटले, हौस नव्हे. मी मूळचा छापखान्यातला माणूस, आणि ही छापखान्यातलीच गोष्ट आहे.

माझे शिक्षण नववीपर्यंतचे. वडील गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी शाळेत होतो. पुढे घराचे काय झाले ते सांगत बसत नाही. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरी तेच झाले आहे. शाळा सुटली आणि मी एका छापखान्यात लागलो. आधी छापून झालेला मजकूर सोडून खिळे ज्याच्या त्याच्या घरात परत टाकण्याचे काम, मग हळूहळू जुळारी झालो. जुळाऱ्याचे एक वैशिष्ट्य असते. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, त्यामुळे उलटी अक्षरे वाचताना त्याला अडखळायला होत नाही. धंदा सुटला, शिशाचे खिळे वितळवून गेले, पण डोळ्यांची ही सवय सुटली नाही. आजच्या व्याख्यानाचे मूळ या सवयीत आहे.

काही वर्षांपूर्वी मुंबईत एका जुन्या कागदपत्रांच्या दुकानात मी शिरलो होतो. भिंतीला एक चौकट टेकवून ठेवलेली होती. साधारण हातभर रुंदीचे चित्र. नदी, तिच्यावर दगडी पूल, दोन्ही काठांना घरांच्या रांगा दूरवर निमुळत्या होत गेलेल्या. रंग भडक: आकाश निळे, घरांवर गुलाबी आणि पिवळा हात फिरवलेला. चित्राच्या खाली फ्रेंच भाषेत दोन ओळी होत्या, त्या सरळ. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत एक मथळा होता, तो उलटा. मला फ्रेंच येत नाही, पण अक्षरे लावता आली. पॅरिसच्या 'पाँ नफ' या पुलाचे नाव होते. त्या नावाचा अर्थ 'नवा पूल'. तो १६०७ साली पुरा झाला आणि आज पॅरिसमधला सर्वांत जुना पूल तोच आहे. नावे अशीच असतात. दुकानदार म्हणाला, "छपाईची चूक आहे, म्हणून कमी किमतीत देतो." मी म्हटले, "शेठ, एकाच ओळीची अशी चूक होत नाही."

हे मी ठामपणे का म्हणालो? तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची रीत अशी, की पत्र्यावर जे उलटे कोरावे ते कागदावर सुलटे उमटते. अक्षरे कोरणारा कारागीर आयुष्यभर उलटी अक्षरे कोरतो. त्याचा हात तसाच बसलेला असतो. त्याने खालच्या दोन ओळी नेहमीप्रमाणे उलट्या कोरल्या. मग वरची ओळ कागदावर उलटी यावी म्हणून त्याला ती पत्र्यावर सुलटी कोरावी लागली असणार, म्हणजे हाताची सवय मोडून. एवढा खटाटोप कोणी चुकून करीत नाही. कोणीतरी त्याला तसे करायला सांगितले होते, आणि त्यात काही मतलब होता.

चित्र मी घेतले नाही. किंमत 'कमी' होती ती दुकानदाराच्या हिशेबाने. पण मतलब शोधण्याचा नाद लागला. आता जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांनी आपल्याकडची अशी चित्रे संगणकावर खुली ठेवली आहेत, तेव्हा नववी पास माणसालाही हा नाद परवडतो. संघटनेच्या कचेरीत रात्री सगळे गेल्यावर मी ती पाहात बसे.

उत्तर असे निघाले. ही चित्रे नुसत्या डोळ्यांनी पाहण्यासाठी नव्हतीच. त्यांना फ्रेंचमध्ये 'व्हू दॉप्तिक' म्हणतात, म्हणजे भिंगातून पाहायचे देखावे. इंग्रजांनी त्यांना 'पर्स्पेक्टिव्ह व्ह्यू' म्हटले. ती पाहण्यासाठी एक साधे यंत्र असे. एका लाकडी दांड्यावर वर एक मोठे बहिर्गोल भिंग उभे बसवलेले, आणि त्याच्या मागे ४५ अंशांत कललेला आरसा. चित्र टेबलावर दांड्याच्या पायाशी सपाट ठेवायचे आणि भिंगातून आरशात पाहायचे. या यंत्राला झोग्रास्कोप असे नाव आहे. आरसा म्हटला की डावे ते उजवे होणार. म्हणून कागदावर उलटा असलेला मथळा आरशात सुलटा दिसतो. पाहणाऱ्याला वाचता येतो, आपण कुठे आहो ते कळते. खालच्या सरळ ओळी दुकानात चित्र निवडणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. एकाच कागदावर दोन वाचक धरलेले आहेत, एक यंत्रापुढचा आणि एक दुकानातला.

नुसता मथळाच नव्हे, अशा पुष्कळ चित्रांत सबंध देखावाही उलटा असतो. नदीचा डावा काठ उजवीकडे. इथे मला धंद्यातली एक मेख दिसली. एखादे तयार चित्र समोर ठेवून कोरणाऱ्याने ते जसेच्या तसे पत्र्यावर उतरवले, तर छाप उलटा निघतो. तो टाळायचा तर आधी चित्र उलटे करून घ्यावे लागते. त्यात वेळ जातो. भिंगाच्या चित्रांना तो वेळ लागत नसे. दुसऱ्याचे चित्र पुढे घ्यावे, सरळ कोरावे, छाप उलटा निघाला तर उत्तमच, आरसा तो सुलटा करील. नक्कल करणाऱ्याला इतकी सोयीची वस्तू दुसरी नसेल! आणि नकला कशा झाल्या! लंडनचे चित्र पॅरिसने उचलले, पॅरिसचे जर्मनीने, जर्मनीचे इटलीने. मालकांच्या आपसातल्या चोऱ्यांबद्दल मला फारसे दुःख होत नाही, पण सांगून ठेवतो.

आता भिंगातून पाहिल्याने होते काय, ते पाहू. रेल्वेच्या रुळांवर उभे राहिले तर दोन रूळ दूर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात. शाळेत चित्रकलेच्या परीक्षेला बसलेल्यांना हे पर्स्पेक्टिव्ह ठाऊक आहे. त्याला यथार्थदर्शन म्हणतात. या चित्रांत ते मुद्दाम ताणून वापरलेले असते. लांब रस्ते, कमानींच्या ओळी, राजवाड्यांचे सज्जे, बागांतल्या झाडांच्या दुतर्फा रांगा, सगळे एका बिंदूकडे धावणारे. पण कागद हातात धरला की डोळ्याला कळते, हा कागद आहे: जवळ आहे, सपाट आहे, कडा आहेत. भिंग नेमके हेच काढून घेते. चित्र भिंगापासून योग्य अंतरावर ठेवले की त्याच्याकडून येणारे प्रकाशकिरण भिंगातून जवळजवळ समांतर होऊन बाहेर पडतात. समांतर किरण दूरच्या वस्तूकडून येतात, अशी डोळ्याची समजूत. त्यामुळे डोळा सैलावतो, दूर पाहू लागतो. कागदाच्या कडा आणि भोवतालचे टेबल दृष्टीआड होते. मग यथार्थदर्शनाच्या खुणांना विरोध करायला कोणी उरत नाही. रस्ता आत जातो. घुमट उभा राहतो. भिंग चांगले वीतभर असले तर दोन्ही डोळ्यांनी पाहता येते. मी स्वतः पाहिले आहे म्हणून सांगतो: क्षणभर हात पुढे करावासा वाटतो.

हा धंदा भरभराटीला आला तो साधारण १७४० नंतर, आणि शतक संपेपर्यंत तो चालला. चार ठिकाणे मुख्य. लंडनमध्ये रॉबर्ट सेयर, कॅरिंग्टन बोल्स अशांची दुकाने. पॅरिसमध्ये सँ-झाक या एकाच रस्त्यावर बासे, शेरो वगैरेंची. जर्मनीत आउग्सबुर्गला गेऑर्ग बाल्थाझार प्रोब्स्ट. आणि इटलीत व्हेनिसजवळच्या बासानो गावात रेमोंदिनी घराणे. चित्रे कसली? लंडनचे सेंट पॉल, १७५० साली खुला झालेला वेस्टमिन्स्टरचा पूल, रोमचे सेंट पीटर, व्हेनिसचा मोठा कालवा, व्हर्सायच्या बागा, ॲमस्टरडॅमचा शेअरबाजार. आउग्सबुर्गच्या चित्रांखाली लॅटिन, फ्रेंच, इटालियन, जर्मन अशा चार-चार भाषांत मजकूर असे, कारण माल कोणत्या गावात खपेल याचा भरवसा नाही.

लंडनमध्ये साधा छाप एक शिलिंगला आणि रंगवलेला दोन शिलिंगांना मिळे. तिथल्या मजुराची आठवड्याची कमाई त्या काळी दहा-बारा शिलिंग धरा. म्हणजे रंगीत चित्राला त्याची एका दिवसाची मजुरी. यंत्र निराळे. तेव्हा विकत घेऊन पाहणारे लोक खाऊनपिऊन सुखी वर्गातले. इतरांचे सांगतो थोड्या वेळाने.

त्याआधी मला एक शिलिंग आणि दोन शिलिंग यांच्या मधल्या जागेत थोडे थांबायचे आहे.

छाप काढण्याचे कामच मुळात कष्टाचे. पत्रा निखाऱ्यावर ऊन करायचा, कोरलेल्या रेषांत दाट शाई दाबून भरायची, वरची शाई फडक्याने पुसायची, मग तळहाताला खडूची पूड लावून शेवटचा हात फिरवायचा, म्हणजे पृष्ठभाग लख्ख आणि शाई फक्त रेषांत. त्यावर ओलसर कागद, कागदावर लोकरीचे कांबळे, आणि सगळे दोन जाड रुळांतून ओढून काढायचे. चाकाचे आरे धरून माणूस अक्षरशः अंगाने रेटतो. एक छाप निघाला की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा शाई, पुन्हा पुसणे. आमचे ट्रेडल पायाने चालत असे, त्यालाही आम्ही शिव्या देत असू. ह्याच्यापुढे ते खेळणे म्हणायचे. काही हजार छापांनंतर रेषा झिजत. मग कोरणाऱ्याने त्या पुन्हा खोल करायच्या.

एवढे होऊन जो निघतो तो काळा छाप, एक शिलिंगवाला. दुसरी शिलिंग रंगाची. रंग छापून होत नसे, प्रत्येक कागद हाताने रंगवावा लागे. छापील चित्रे रंगवण्याचे हे काम त्या काळी स्त्रिया आणि मुले करीत. एकीकडे निळा, दुसरीकडे पिवळा, तिसरीकडे हिरवा, अशी विभागणी, भराभर हात. तज्ज्ञ मंडळी या रंगांना नाक मुरडतात. रेषेबाहेर गेलेत म्हणतात, बटबटीत आहेत म्हणतात. एक तर भिंग, आरसा आणि अपुरा उजेड यांतून रंग फिका पडतो, म्हणून तो आधीच गडद लावलेला असे. आणि दुसरे म्हणजे, जिथे कागदाच्या हिशेबाने पैसे, तिथे रेषेच्या आत राहायला वेळ कोणाला आहे? मी असा एक छाप पडद्यावर मोठा करून पाहिला. आकाशाचा निळा हात एका घराच्या धुराड्यावरून सरळ निघून गेला आहे. थांबलाच नाही. मला ते धुराडे चित्रातल्या सगळ्या राजवाड्यांपेक्षा खरे वाटले.

रंग कसले होते ते पाहा. तांबड्यासाठी शेंदूर आणि हिंगूळ, हिरव्यासाठी जंगाल. शेंदरात शिसे, हिंगुळात पारा, जंगाल म्हणजे तांब्याचा कळंब. कुंचल्याचे टोक ओठांत धरून टोकदार करण्याची खोड मी आपल्याकडच्या पाट्या रंगवणाऱ्यांत पाहिली आहे. मी ज्या छापखान्यात होतो तिथे शिशाच्या खिळ्यांत दिवसभर हात. त्यावर उतारा म्हणून संध्याकाळी गुळाचा खडा मिळे. साबण मागितला तर मालक म्हणाले, "गूळ देतो ना!" आमची पहिली मागणी साबणाची होती. तिच्यासाठी नऊ जणांनी सही केली, आणि त्यातल्या तिघांना महिन्याभरात घरी बसवले. त्या तिघांत मी होतो. माझ्या सार्वजनिक कामाची सुरुवात अशी साबणाच्या वडीने झाली. असो.

चित्राच्या खाली प्रकाशकाचे नाव आणि पत्ता असतो. कधी कोरणाऱ्याचे नाव असते, कधी मूळ चित्रकाराचेही. रंगवणारणीचे नाव एकाही चित्रावर मला आढळले नाही.

बासानोच्या रेमोंदिनींचा कारखाना तर सतराव्या शतकाच्या मध्यापासून १८६१ पर्यंत चालला. शेकडो माणसे कामाला. त्यांचा माल गावोगाव नेत ते तेसिनो नावाच्या डोंगरखोऱ्यातले फेरीवाले. पाठीवर पेटी बांधून ही माणसे पायी थेट रशियापर्यंत जात. घरी शेत अपुरे, म्हणून हा धंदा. माल उधारीने मिळे, आणि उधारीला तारण म्हणून घर, जमीन गहाण. आपल्याकडच्या श्रोत्यांना हे फोड करून सांगायला नको. ज्या पाठीवरून रोम आणि व्हेनिसची शोभा युरोपभर फिरली, त्या पाठीखालची जमीन सावकाराकडे, आणि सावकार म्हणजे कारखानदारच.

ज्यांना चित्र घेणे परवडत नव्हते त्यांच्यासाठी पेटीवाले होते. मोठी लाकडी पेटी, तिच्या पुढच्या बाजूला भिंगे लावलेली भोके, आत चित्रे दोऱ्यांनी वर खाली करण्याची सोय. एक लहानसे नाणे द्यायचे आणि डोळा लावायचा. पॅरिसमध्ये हे पेटीवाले बहुधा साव्हॉय प्रांताच्या डोंगरातले. हिवाळ्यात बर्फ पडले की तिकडची माणसे आणि मुले शहरात येत. कोणी धुराडी साफ करी, कोणी पेटी घेऊन हिंडे. कोकणातून मुंबईला येणाऱ्या चाकरमान्याचीच ही दुसरी आवृत्ती.

पेटीत एक गंमत अशी करीत. चित्रातल्या खिडक्या आणि दिवे सुईने टोचून भोके पाडायची, मागून पातळ रंगीत कागद चिकटवायचा. समोरचा उजेड बंद करून मागे दिवा धरला की शहरात रात्र होते आणि खिडक्या उजळतात. १७७२ च्या डिसेंबरच्या अखेरीस पॅरिसच्या ओतेल-द्यू या मोठ्या गरिबांच्या इस्पितळाला आग लागली. तिचीही अशी चित्रे निघाली. ज्वाळांच्या जागी रंगीत कागद, मागे दिवा. १७५५ साली लिस्बन शहर भूकंपाने पडले, त्याचेही देखावे निघाले. तेव्हा वर्तमानपत्रात चित्रे नसत; पेटी हेच चित्रमय वर्तमानपत्र. पण ज्यांच्या अंगावर ती आग पडली त्यांच्यासारखीच माणसे नाणे देऊन ती पाहात होती, हे मनात आले की मी थोडा गप्प होतो.

या पेट्या आणि चित्रे दूरवर गेली. चीनमध्ये अशा पेटीला जे नाव पडले त्याचा अर्थ पश्चिमेचा आरसा. इराणात नाव पडले 'शहरे फरंग', म्हणजे फिरंग्यांचे शहर. आत पाहिले की फिरंग्यांचे शहर दिसते, दुसरे काय नाव ठेवणार? जपानात मारुयामा ओक्यो हा पुढे थोर झालेला चित्रकार तरुणपणी क्योटोत एका खेळण्यांच्या दुकानासाठी भिंगाची चित्रे काढीत होता, आणि त्यात त्याने क्योटोचेच देखावे काढले. उतागावा तोयोहारू या दुसऱ्या चित्रकाराने व्हेनिसच्या कालव्याचे चित्र लाकडी ठशांनी छापले. मूळ चित्र कानालेत्तोचे. त्यावरून व्हिसेंतिनीने तांब्यावर कोरलेले, १७३५ च्या सुमाराचे. तोयोहारूच्या छापावर नाव मात्र डच लोकांच्या एका बंदराचे! व्हेनिसचे झाले डच बंदर. पण त्या चुकीच्या नावाखाली जपानी चित्रकार दूरचे दूर कसे दाखवायचे ते शिकले, आणि पुढच्या पिढ्यांच्या देखाव्यांना त्याचा उपयोग झाला.

चुकीच्या नावांवरून आता मोठ्या चुकीकडे येतो. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून दाखवल्यावर जमावाने इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा पुतळा ओढून पाडला. पुतळा शिशाचा होता, वर सोन्याचा मुलामा. घोड्यावर बसलेला राजा. ते शिसे वितळवून ४२,०८८ गोळ्या ओतल्याची नोंद आहे. आम्ही खिळे वितळवले ते भंगारात गेले. शिशाचा असाही उपयोग होतो. या प्रसंगाचे भिंगाचे चित्र आउग्सबुर्गच्या हाबरमानने काढले, पॅरिसवाल्यांनी ते उचलले. चित्रात राजा घोड्यावर नाही, उभा आहे. भोवती दगडी बहुमजली इमारती, जर्मनीतल्या कुठल्याही शहरात शोभाव्यात अशा. हाबरमानने अमेरिका पाहिली नव्हती. बोस्टन, क्वेबेक, फिलाडेल्फिया ही शहरेही त्याने अशीच घरबसल्या बांधली. आणि दोर ओढणारे कोण? खरे तर सैनिक आणि शहरातले गोरे स्वातंत्र्यवादी. चित्रात दोर आहे उघड्या अंगाच्या काळ्या गुलामांच्या हातांत. हाबरमानला वाटले असेल, अमेरिका म्हणजे गुलाम, आणि जड वस्तू ओढायची म्हणजे गुलामच ओढणार. त्या देशातली गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. मी ते चित्र कामगारांच्या एका शिबिरात दाखवले. एक सफाई कामगार बाई म्हणाल्या, "चुकून का होईना, दोर बरोबर माणसांच्या हातात दिला." मला यावर काही जोडता आले नाही.

आणि मुंबई? मुंबईही या पेटीत होती. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या लंडनच्या कचेरीसाठी जॉर्ज लँबर्ट आणि सॅम्युएल स्कॉट या दोन चित्रकारांकडून सहा ठाण्यांची तैलचित्रे करून घेतली. लँबर्टने जमीन आणि इमारती रंगवायच्या, स्कॉटने जहाजे. १७३२ साली त्यांचे सहा चित्रांचे मिळून ९४ पौंड १० शिलिंग चुकते झाले. त्यात एक मुंबई. दोघांपैकी कोणीही हिंदुस्थानात आलेला नव्हता. पुढे १७५४ साली यान व्हान रायन या डच कोरणाऱ्याने लंडनमध्ये बसून त्याच वळणावर कंपनीच्या ठाण्यांचे देखावे कोरले, आणि रॉबर्ट सेयरने ते बाजारात आणले. मुंबईच्या चित्रात पुढे समुद्र आणि कंपनीची जहाजे, मागे किल्ला आणि घरे. कंपनीच्या डायरेक्टरला खुर्चीत बसून जशी पाहावीशी वाटेल तशी मुंबई. मधल्या काळात, १७३९ साली, चिमाजी अप्पांनी वसई घेतली होती आणि मुंबईच्या इंग्रजांनी धास्तीने तटाबाहेर खंदक खणायला घेतला होता. लंडनच्या दिवाणखान्यात भिंगाला डोळा लावणाऱ्याला ही धास्ती दिसत नसे. त्याला दिसे शांत पाणी आणि फुगलेली शिडे.

मला कोणी विचारले, की इतकी खोटी चित्रे, त्यांचे कौतुक कशाला? तर याचे माझे उत्तर घरगुती आहे.

मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या चाळीत बायस्कोपवाला येई. तीन पायांच्या घोडीवर ठेवलेली पत्र्याची पेटी, भोकांना झाकणे, वर घुंगरू. वडील रात्रपाळी करून झोपलेले असत, पण घुंगरू वाजले की उठून मला दहा पैसे देत. एकदा ते स्वतःही खाली आले. मी पाहिले, मग त्यांनी वाकून पाहिले. आत ताजमहाल होता, कुतुबमिनार होता, आणि मुंबईचा राजाबाई टॉवर होता. वडील म्हणाले, "अरे, हा तर आपल्याच गावात आहे." ते वीस वर्षे मुंबईत होते. गिरणी, खोली, आणि वर्षातून एकदा गावची एसटी. कोटात ते कधी सहज म्हणून गेलेच नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही बापलेक बसने टॉवर पाहायला गेलो. विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर उभे राहिलो. खरे सांगायचे तर मला तो पेटीतल्यापेक्षा लहान वाटला. मी तसे म्हणालो. वडील हसले आणि म्हणाले, "पेटीत गर्दी नसते ना." मग बराच वेळ ते वर पाहात राहिले. आतून परवानगीने वर जाता येते का, हे त्यांनी पहारेकऱ्याला विचारले. पहारेकरी नाही म्हणाला.

ताजमहाल त्यांनी पाहिला नाही. संपानंतर ते कधी मुंबईबाहेर गेले ते गावीच, आणि परत आले नाहीत.

पेटीने त्यांना फसवले असे मी म्हणणार नाही. पेटी नसती तर ते त्या रविवारी बसमध्ये चढलेच नसते. हाबरमानचे न्यूयॉर्क आणि व्हान रायनची मुंबई मी याच मापाने मोजतो. चित्र कोणाच्या खुर्चीतून काढले आहे हे पाहावे, रंगाचा हात कुठे घसरला ते पाहावे, मथळा उलटा असला तर तो कोणासाठी ते विचारावे. आणि हे सगळे करताना भिंगाला डोळाही लावावा. १८३९ नंतर छायाचित्रे आली, दोन डोळ्यांची दोन चित्रे एकत्र दाखवणारा स्टिरिओस्कोप लोकप्रिय झाला, आणि तांब्याचे हे पत्रे भंगारात गेले. तो इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. त्यात मी शिरत नाही.

आता थोडे कामाचे. आमच्या भागातल्या एका सुतारमित्राने मला हे यंत्र करून दिले आहे. भिंग वाचनाचे आहे, आरसा दाढीचा. व्हान रायनच्या मुंबईचा छाप आमच्या एका डीटीपी करणाऱ्या कार्यकर्त्याने संगणकावर काढून दिला. मूळ चित्र सुलटे आहे, त्यामुळे आरशात ते उलटे दिसले असते. म्हणून त्याने आधीच उलटे करून छापले. वर मथळा मराठीत टाकला आहे, तोही उलटा. हे सगळे दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहे. दिवा डावीकडून आहे, तो हलवू नका. चष्मा असेल तर काढून पाहा. एका वेळी एकच माणूस पाहू शकतो, तेव्हा रांग करावी आणि मुलांना पुढे सोडावे.